आपली सायकल आपणच निवडू या

(बजाजनगर येथे कामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. मध्ये विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहून काढताना त्यातच घेतली आहेत.)



गेल्या बैठकीत आपण पगाराच्या चिठ्ठीवर बोललो. पीएफ किती, ईएसआय किती, कंत्राटदार कशाच्या नावाखाली काय कापतो, हे सगळे फळ्यावर लिहून काढले. तेव्हा रांजणगावच्या एका ताई म्हणाल्या, "कापलेलं कळलं. पण हातात आलेल्यातून रिक्षाला जातं, ते कुठं लिहायचं?" त्या दिवशी वेळ संपला होता. म्हणून आज तेवढाच विषय घेऊ: कामावर जायचे कसे, आणि त्यासाठी परवडणारी, साधी, बिनगिअरची सायकल घ्यायची तर ती कशी निवडायची.

काही जणी हसताहेत. हसा, हसण्यासारखे आहेच. ज्या वसाहतीला स्कूटर-मोटारसायकली बनवणाऱ्या कारखान्याचे नाव आहे, तिथे उभी राहून मी सायकलीची बाजू मांडते आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे लहान-मोठे कितीतरी कारखाने आले, आणि मराठवाड्यातून, विदर्भातून माणसे इथे राहायला आली. गाड्या इथे बनतात. पण त्या गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या, पुसणाऱ्या, खोक्यात भरणाऱ्या आपण बायका सकाळी डबा घेऊन रस्त्याच्या कडेने चालत निघतो, नाहीतर शेअर रिक्षात तिघींच्या जागी पाच जणी बसतो.

आधी हिशेब करू. तुमच्यापैकी बहुतेकींची कंपनी घरापासून दोन ते पाच किलोमीटरवर आहे. मधले धरू, चार. रिक्षाचे जायचे वीस आणि यायचे वीस रुपये धरले तर महिन्याच्या सव्वीस हजेऱ्यांचे १०४० रुपये झाले. ज्या हे पैसे वाचवायला चालत जातात त्यांचा हिशेब वेगळा. चार किलोमीटर चालायला पाऊण तास, भरभर चालले तरी चाळीस मिनिटे लागतात. सायकलीवर तेच अंतर पंधरा-सोळा मिनिटांचे आहे. म्हणजे जाऊन-येऊन रोजचा तासभर वाचला, महिन्याचे सव्वीस तास झाले. आठ तासांच्या तीन शिफ्टहून जास्त वेळ आपण रस्त्यावर फुकट देतो. घरी पाणी भरणे, स्वयंपाक, पोरांचे आवरणे यांतून बाईला एक तास मोकळा मिळणे किती अवघड आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तिसरा एक हिशेब आहे, तो पैशात मांडता येत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींना नवरा मोटारसायकलवर सोडतो. चांगले आहे, सोडू दे. पण घरी भांडण झाले की सकाळी गाडी सुरू होत नाही, हे मी माझ्या कामात इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी ते आपणहून विचारते. "काल खाडा का झाला?" "ह्यांनी सोडलं नाही." दोन खाडे झाले की कंत्राटदार दुसरी बाई बघतो. मारहाणीच्या तक्रारीत आपण जखमा लिहून घेतो, दागिने कुणाकडे आहेत ते लिहून घेतो. कामावर जाण्याचे साधन कुणाच्या हातात आहे, हेही लिहून घ्यायला हवे असे माझे मत झाले आहे. किल्ली ज्याच्या खिशात, त्याच्या मर्जीवर हजेरी अवलंबून राहते.

आता मी विचारते, सायकल चालवता येते अशा किती जणी आहेत? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आणि सध्या चालवणाऱ्या? दोन. म्हणजे शिकवण्याचा प्रश्न अर्धाच आहे. बाकीच्यांची सायकल माहेरी राहिली.

यात सरकारी सायकल मिळालेल्याही काही असतील. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देतात. या कार्यक्रमाचे आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष छापले. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले होते, आणि ही वाढ मुख्यतः जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती त्या गावांत झाली होती. तीन किलोमीटर! रांजणगावहून, जोगेश्वरीहून, वडगाव कोल्हाटीहून आपण रोज साधारण तेवढेच तर अंतर तोडतो.

म्हणजे मुलगी बारावीपर्यंत सायकलीवर जाते, तेव्हा गावाला चालते, सरकारलाही चालते. तिचे लग्न झाले, ती इथे खोली करून राहायला आली, कंपनीत लागली, की तीच सायकल अचानक शोभत नाही. "चांगल्या घरची सून सायकलीवर?" आणि आपल्या घरांत सायकलीला गरिबीचाही वास आहे. दिराला हप्त्यावर मोटारसायकल मिळते, वहिनी चालत जाते, आणि यात कुणाला काही खटकत नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने जातात हे विचारले होते. पायी जाणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत पुष्कळ जास्त निघाले, आणि सायकलीने जाणाऱ्यांचे पुष्कळ कमी.

असो. आता दुकानात जाऊ.

दुकानात गेलात की पहिली गोष्ट अशी होते की तुमच्या बरोबर आलेल्या पुरुषाशी दुकानदार बोलायला लागतो. आणि दाखवतो काय, तर जाड टायरची, पुढच्या चिमट्याला शॉकअप असलेली, रंगीत सायकल. कधी सात गिअर, कधी एकवीस. दिसायला दणकट दिसते. ती घेऊ नका. स्वस्तातल्या सायकलीचा शॉकअप म्हणजे नुसती जड स्प्रिंग असते. तुम्ही पॅडलवर जोर दिला की त्यातला काही जोर ती स्प्रिंग खाली-वर होण्यात खाते. जाड, खाचांच्या टायरला डांबरी रस्त्यावर जास्त जोर लागतो. बहुतेक वेळा तिला मडगार्ड नसतो, कॅरियर नसते, चेनकव्हर नसते. डबा कुठे ठेवायचा? साडी-ओढणीचे काय करायचे? आणि स्वस्त गिअर सहा महिन्यांत करकरायला लागतात. ते नीट लावणारा मिस्त्री प्रत्येक कोपऱ्यावर नसतो. साधी सायकल मात्र लिंबाच्या झाडाखाली पंप घेऊन बसलेला कोणीही दुरुस्त करतो.

गिअर म्हणजे काय ते एकदा समजून घेऊ, म्हणजे दुकानदार आपल्याला फिरवणार नाही. पॅडलला जोडलेले पुढचे चक्र आणि मागच्या चाकाचे लहान चक्र, दोन्हींना दाते असतात. समजा पुढे ४४ दाते आहेत, मागे १८. पॅडलची एक पूर्ण फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २६ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर. म्हणजे एका फेरीत तुम्ही पाच मीटर पुढे गेलात. मिनिटाला पन्नास फेऱ्या, म्हणजे अगदी सावकाश, मारल्या तरी तासाला पंधरा किलोमीटरचा वेग येतो. चार किलोमीटरला सोळा मिनिटे. मघाचा हिशेब इथून आला.

आता ज्यांचा रस्ता चढाचा आहे, किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, किंवा पावसाळ्याच्या तोंडाला समोरून वारा लागला की ज्यांना सायकल ढकलावी लागते, त्यांनी गिअरची सायकल घेण्याची गरज नाही. मागचे १८ दात्यांचे चक्र काढून २० किंवा २२ दात्यांचे बसवून घ्यायचे. काही शे रुपयांचे काम आहे. चेनला एखादी कडी वाढवावी लागेल. २२ दात्यांवर पॅडलच्या एका फेरीत पाच मीटरऐवजी चार मीटर जाल, पण पाय हलका पडेल. वेग थोडा कमी होईल, तर होऊ द्या. आपला भाग तसा सपाट आहे, रोजच्या वाटेला एकच गिअर पुरतो, फक्त तो आपल्या पायाला जमेल असा असला पाहिजे. मिस्त्रीला "मागचं फ्रीव्हील वीस दात्यांचं टाक" असे एकदा म्हणून बघा, तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

एका मुलीने विचारले की तिच्या भावाने मोबाइलवर फिक्स गिअरची सायकल पाहिली आहे, ती हलकी आणि स्वस्त असते म्हणतात, ती कशी? चांगला प्रश्न आहे. आपल्या साध्या सायकलीत मागे फ्रीव्हील असते. उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि टकटक आवाज येतो. फिक्स गिअरमध्ये ही सोय नसते. चाक फिरते आहे तोवर पॅडल फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत. शर्यतीच्या गोल मैदानावर अशाच सायकली वापरतात, तिथे त्यांना ब्रेकही नसतात. मोठ्या शहरांत हौसेने चालवणारी तरुण मुले आहेत. त्यात सुटे भाग कमी, म्हणून बिघाड कमी, हे खरे आहे. पण विचार करा, ओढणीचे टोक चेनमध्ये गेले. फ्रीव्हील असेल तर पाय थांबवले की चेन थांबते. फिक्स गिअरमध्ये सायकल पूर्ण थांबेपर्यंत चेन ओढणी ओढत राहते. मागे पोर बसलेले, हँडलला भाजीची पिशवी, समोर खड्डा, आणि पाय पॅडलबरोबर फिरताहेत. आपल्याला ती नको. भावाला घेऊ दे, दोन्ही ब्रेक लावून.

तर मग घ्यायची ती बिनगिअरची, फ्रीव्हीलची, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर आणि स्टँड असलेली. त्यात दोन जाती: दांडीची आणि बिनदांडीची. बिनदांडीची म्हणजे लेडीज. साडी नेसून चढता-उतरता येते, म्हणून आपण डोळे झाकून तीच मागतो. पण इथे मला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट सांगायची आहे. १९९१ च्या सुमाराला तिथे साक्षरतेच्या चळवळीने, अरिवोळी इयक्कमने, बायकांना सायकल शिकवणे हा साक्षरतेचाच भाग मानला. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तो धरून लावला. सायकलीसाठी बायकांना कर्ज द्यायला त्यांनी बँकांना भाग पाडले. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांहून जास्त बायका सायकलींवर रस्त्यावर आल्या. पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन हे सगळे लिहिले आहे. त्यात मला सर्वात आवडलेला तपशील असा, की तिथे लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि पुढे काही जणींनी दांडीचीच पसंत केली. का, तर पुढच्या दांडीवर पोराला बसवता येते! हे कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. चालवणारीला कळले.

म्हणून माझे म्हणणे, लेडीज की जेन्ट्स हे आपल्या रोजच्या दिवसावर ठरवा. सलवार-कमीज किंवा कंपनीचा शर्ट-पँट घालून जाणाऱ्या बाईला दांडीची सायकल चालते. ती जास्त मजबूत असते, जास्त वजन घेते, आणि जुनी सहज मिळते. साडीवर जाणारीने बिनदांडीची घ्यावी, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्यावी. दुकानात ती आधीपासून नसेल तर मागा. मडगार्ड आणि चाक यांच्यात बोट जाईल एवढी जागा हवी. रांजणगावच्या आतल्या गल्ल्यांत पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये बसते आणि चाक फिरत नाही, हे चालवणारीला माहीत आहे.

मापाबद्दल. पाच फुटांच्या आतली बाई असेल तर २४ इंची चाकाची, त्याहून उंच असेल तर २६ इंची. काळ्या मोठ्या सायकलीचे चाक २८ इंचांचे असते. तिला दुकानात कधी २२ इंची, २४ इंची म्हणतात ते फ्रेमचे माप, त्यात गोंधळू नका. दुकानातच सीटवर बसा. लाजू नका, चप्पल घेताना आपण घालून बघतोच ना? नवशिकीचे दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. हात सुटला की सीट बोटभर, दोन बोटे वर घ्यायची, पॅडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे बायका सीट फार खाली ठेवून चालवतात, मग गुडघे दुखले की सायकलीला दोष देतात. सीट रुंद, स्प्रिंगची घ्या आणि तिचे नाक वर आलेले नको.

शरीराचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी स्पष्ट बोलते. सायकलीने अंग खाली येते, हे मी सासवांकडून ऐकते. बाळंतपणात झालेली हेळसांड, ओल्या बाळंतिणीने उचललेले हंडे, एकामागून एक बाळंतपणे यांनी अंग खाली येते. ते दुखणे आधीच असेल तर आधी दवाखाना, मग सायकल. बाळंतपणानंतरही डॉक्टरांना विचारून सुरू करा. दुसरी गोष्ट मुलींच्या कौमार्याची. सायकलीने ते जाते, म्हणून मुलीला सायकल नको, असे म्हणणारी आई अजून भेटते. पातळ पडदा खेळताना, पडताना, काहीही न होता फाटू शकतो, काहींना तो मुळात नसतोच. त्यावर मुलीचे चालणे-फिरणे ठरवणारी माणसे तिच्या सायकलीबद्दल बोलत नसतात, तिच्या मालकीबद्दल बोलत असतात.

पैशाचे बघू. साधी बिनगिअरची नवी सायकल आज साधारण पाच ते आठ हजारांत येते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा बिलावर किती लावला आहे ते बघा. रिक्षाच्या पैशात पाच ते आठ महिन्यांत ती फिटते. स्कूटी वाईट नाही, पण हप्ता, पेट्रोल, विमा, लायसन्स हे सगळे धरा. सायकलीला लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही. बचत गटातून कर्ज काढायचे असेल तर सायकलीसाठी काढावे असे मला वाटते. लग्नाच्या आहेरासाठी आपण काढतोच.

जुनी घेणार असाल तर दोन हजारांच्या आसपास बरी मिळून जाते, पण बघून. मागचे चाक उचलून फिरवा, ते ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासत असेल तर रिम वाकडी आहे. पॅडलची दांडी धरून आडवी हलवा, खटखट करत असेल तर आतले छर्रे गेले. पुढच्या चक्राचे दाते माशाच्या कल्ल्यासारखे टोकदार झाले असतील तर चेन, चक्र, फ्रीव्हील तिन्ही बदलावे लागेल, तेवढे पैसे कमी करून घ्या. फ्रेमला वेल्डिंग मारलेले असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. आणि फ्रेमवर कोरलेला नंबर बघा. तो घासून काढलेला असेल तर सायकल चोरीची समजा.

नवी असो, जुनी असो, बिल स्वतःच्या नावाने घ्या. याचा मी आग्रह धरते आहे. दुकानदार सहज नवऱ्याचे नाव लिहितो. बिलावर आपले नाव, फ्रेमचा नंबर, तारीख, आणि त्याचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवायचा. पुढे घरात काही वाजले, वेगळे राहायची वेळ आली, तर सामान कुणाचे हे सिद्ध करताना किती त्रास होतो, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कुलूप चांगले घ्या, त्यात काटकसर नको, आणि दोन्ही किल्ल्या घरात एकाच खिळ्याला टांगू नका.

रस्त्यावरचे धोके खरे आहेत. नगर रोडचे कंटेनर मी रोज बघते. लांब पडले तरी वसाहतीतले आतले रस्ते धरा. वळणाऱ्या कंटेनरच्या डाव्या अंगाला कधी जायचे नाही, ड्रायव्हरला तिथले दिसत नाही. मागे लाल काच, पुढे बॅटरीचा दिवा. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही, पावसात लांबूनच दाबायला सुरुवात करा. सायकलीला हेल्मेटची सक्ती नाही, तरी परवडले तर घाला.

आणि कायद्याची एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण कंत्राटदार ती सांगणार नाही. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हा, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच अपघात धरला जातो. २०१० साली ईएसआय कायद्यात तसे कलम आले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. सायकलीवर असलात तरी. म्हणून ईएसआयचा नंबर जवळ ठेवा, दवाखान्यात केसपेपरवर "कामावर जाताना" असे लिहून घ्या, आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. "घरी पडले" असे सांगायला लावणारे भेटतील. ऐकू नका.

रात्रीच्या शिफ्टबद्दल विचारले, त्याचे उत्तर मी सावधपणे देते. नव्या संहितेत संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर घ्यायचे तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. ने-आण करायची गाडी ही आपण कंपनीकडे मागायची गोष्ट आहे. "तुमच्याकडे सायकली आहेत ना आता?" असे कोणी सुपरवायझर म्हणाला, तर त्याला सांगायचे, सायकल माझी आहे, ती कंपनीच्या जबाबदारीच्या बदल्यात आणलेली नाही. दिवसपाळीला सायकल, रात्रपाळीला कंपनीची गाडी. ही मागणी सोडायची नाही.

दोन मागण्या आणखी लिहून घेऊ. गेटच्या आत पत्रा टाकलेला गाड्यांचा स्टँड असतो, आणि सायकली बाहेर भिंतीला. एका कंपनीत तर बायकांच्या सायकलींची हवा रोज सोडली जायची, वॉचमनला माहीत असून. सायकलीही आत, सावलीत, वॉचमनच्या नजरेसमोर हव्यात. आणि वसाहतीतून गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिवे. दिव्यांचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवला जातो, याचा अनुभव आपल्याला आहे. या वेळी अर्ज सगळ्यांना एकाच दिवशी देऊ आणि प्रत्येकाकडून पोच घेऊ. खांब कुठले बंद आहेत, त्यांची यादी करायला मला प्रत्येक वाटेवरच्या दोघी-दोघी हव्यात. नावे आता द्या.

ज्यांना चालवता येत नाही त्यांच्यासाठी रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर जमू. मुख्याध्यापकांनी हो म्हटले आहे. सध्या तीन सायकली आहेत, त्यातली एक दांडीची. आधी पॅडल काढून नुसते पायाने ढकलत तोल शिकायचा, मग पॅडल लावायचे. धरून पळणाऱ्या हव्यात, म्हणून येणाऱ्यांनी येतानाच जोडीदारीण आणावी. साडी असेल तर सेफ्टी पिना आणा, लेकरे असतील तर त्यांनाही घेऊन या. १५ नंबरचा पान्हा कुणाच्या घरी असेल तर तेवढा आणा, आमचा कुणीतरी नेला तो परत आलेला नाही.